गाझातून माघार, जेरुसलेममध्ये लढाई

जून २००४ मधल्या पहिल्या शुक्रवारी इस्रायलचे पर्यटनमंत्री बेनी एलोन एकाएकी दिसेनासे झाले. पंतप्रधान एरियल शॅरॉन यांच्या कार्यालयातली माणसे त्यांना बडतर्फीचे पत्र देण्यासाठी शोधत होती आणि ते पत्र हातात पडू नये म्हणून मंत्रिमहोदय दडून बसले होते. इस्रायलमध्ये मंत्र्याला काढण्याचे पत्र मिळाल्यावर अठ्ठेचाळीस तासांनी त्याचे पद जाते. मंत्रिमंडळाची बैठक रविवारी होती. पत्र उशिरा मिळाले, तर त्या बैठकीत मत देता येईल, असा एलोन यांचा हिशोब होता. डाव फळला नाही. रविवारी हात वर झाले, तेव्हा एलोन मंत्री उरले नव्हते.

त्यांच्याबरोबर वाहतूकमंत्री अविग्दोर लिबरमन यांनाही काढले होते. दोघांचा गुन्हा एकच होता, तो म्हणजे गाझा पट्टीतल्या ज्यू वसाहती उठवण्याच्या योजनेला विरोध. तेवीस मंत्र्यांपैकी बारा विरोधात आणि अकरा बाजूने अशी मोजदाद झाली होती. शॅरॉन यांनी विरोधातले दोन कमी केले आणि अल्पमताचे बहुमत करून टाकले.

गाझातली माघार म्हटले की ऑगस्ट २००५ ची दृश्ये आठवतात. रडणारे वसाहतवासी, त्यांना उचलून बसमध्ये बसवणारे सैनिक, घरांवर फिरणारे बुलडोझर. ते काम आठवडाभरात उरकले. त्याआधीचे वीस महिने मात्र पक्ष, मंत्रिमंडळ, संसद, न्यायालय आणि रस्ता अशा पाच आघाड्यांवरच्या राजकारणात गेले. इस्रायली सरकारला वसाहती उठवता येतात का, याचे उत्तर सैन्याच्या ताकदीपेक्षा त्या राजकारणात जास्त सापडते.

गंमत अशी, की या वसाहतींचे सर्वांत मोठे पाठीराखे खुद्द शॅरॉनच होते. १९७७ मध्ये लिकुड पक्षाचे पहिले सरकार आले, तेव्हा कृषिमंत्री या नात्याने वेस्ट बँकेत वसाहतींचे जाळे विणण्याचे काम त्यांनी हाती घेतले. १९९८ मध्ये परराष्ट्रमंत्री असताना त्यांनी वसाहतवासीयांना टेकड्या ताब्यात घ्या, असे जाहीर आवाहन केले होते. २००२ मध्ये, पंतप्रधान झाल्यावर, गाझातल्या नेत्झारिम या छोट्याशा वसाहतीचे भवितव्य आणि तेल अवीवचे भवितव्य एकच आहे, असे ते म्हणाले. जानेवारी २००३ च्या निवडणुकीत मजूर पक्षाचे उमेदवार अमराम मित्झना यांनी गाझातून एकतर्फी माघारीचा प्रस्ताव मांडला. शॅरॉन यांनी त्याची खिल्ली उडवली आणि निवडणूक दणक्यात जिंकली. लिकुडला ३८ जागा, मजूर पक्षाला १९. मतदारांनी जो कार्यक्रम नाकारला, तोच कार्यक्रम जिंकलेला नेता वर्षभराच्या आत राबवायला निघाला. विरोधकांचा सगळा संताप या एका मुद्द्याभोवती फिरत राहिला.

अर्थात वसाहती उठवण्याचा अनुभव शॅरॉन यांच्या गाठीशी होता. इजिप्तशी झालेल्या शांतता करारानुसार एप्रिल १९८२ मध्ये सिनाईतले यामित हे गाव रिकामे करून जमीनदोस्त केले गेले, तेव्हा संरक्षणमंत्री तेच होते.

गाझातले वास्तव आकड्यांत पाहिले, की माघारीचे कारण कळते. एकवीस वसाहतींमध्ये मिळून सुमारे आठ हजार ज्यू राहत होते आणि त्यांच्या सभोवती तेरा लाखांच्या आसपास पॅलेस्टिनी. दक्षिणेकडे समुद्रालगत गुश कातिफ हा वसाहतींचा मुख्य पट्टा होता. तिथल्या हरितगृहांत पिकणारी, कीड नसलेली पालेभाजी देशभरातल्या धार्मिक घरांत आवर्जून घेतली जाई. पट्ट्यातले सर्वांत मोठे गाव नेवे देकालिम. वाळूत उभ्या केलेल्या या टुमदार गावांच्या रक्षणासाठी मोठे सैन्य गुंतले होते. २००० पासून दुसरा इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनींचा उठाव, पेटलेला होता आणि एकेका वसाहतीपर्यंत बस पोचवायची, तर चिलखती गाड्यांचा पहारा लागत होता.

२००३ च्या उत्तरार्धात शॅरॉन यांच्यावर चहूबाजूंनी दबाव आला. सप्टेंबरात हवाई दलाच्या काही वैमानिकांनी पॅलेस्टिनी भागांतल्या हल्ल्यांत भाग घेण्यास जाहीर नकार दिला. नोव्हेंबरात शिन बेत या अंतर्गत गुप्तचर संस्थेच्या चार माजी प्रमुखांनी सरकारच्या धोरणावर उघड टीका केली. डिसेंबरच्या पहिल्याच दिवशी दोन्हीकडच्या काही नेत्यांनी तयार केलेला जिनिव्हा शांतता मसुदा जगासमोर आला. आपण काही मांडले नाही तर दुसरे कोणी तरी आपल्यावर लादेल, हे शॅरॉन यांनी ओळखले. १८ डिसेंबर २००३ रोजी हर्झलिया इथल्या परिषदेत त्यांनी एकतर्फी माघारीची कल्पना मांडली. गाझाबरोबर वेस्ट बँकेच्या उत्तर भागातल्या गनिम, कदिम, होमेश आणि सा-नूर या चार वसाहतीही पुढे योजनेत आल्या.

याच काळात शॅरॉन आणि त्यांच्या मुलांमागे भ्रष्टाचाराच्या चौकशांचा ससेमिरा लागला होता. मार्च २००४ मध्ये सरकारी वकील एडना आर्बेल यांनी त्यांच्यावर आरोपपत्र ठेवण्याची शिफारस केली. जूनमध्ये अ‍ॅटर्नी जनरल मेनाखेम मझुझ यांनी पुराव्याअभावी ते प्रकरण बंद केले. चौकशी जितकी खोल, तितकेच वसाहती उपटणेही खोल, अशा अर्थाचे वाक्य वसाहतवासीयांच्या गोटात तेव्हापासून प्रचलित झाले. आरोप सिद्ध करणे अवघड होते, पण तो विरोधकांना पुरेसा उपयोगी पडला.

पहिली लढाई शॅरॉन यांनी स्वतःच ओढवून घेतली. पक्षातली कुरबुर मिटवण्यासाठी त्यांनी लिकुडच्या सदस्यांचे मतदान घेण्याचे ठरवले आणि निकाल मान्य करू, असेही सांगितले. सुरुवातीच्या चाचण्या त्यांच्या बाजूने होत्या. शिवाय एप्रिलमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी त्यांना अनुकूल पत्र दिले होते. पण वसाहतवासीयांनी प्रचाराची जुनी, साधी पद्धत धरली. गाझातली कुटुंबे मुलाबाळांसह लिकुड सदस्यांच्या दारी गेली, चहा-पाणी घेत बसली आणि आमचे घर वाचवा, असे सांगत राहिली. शॅरॉन यांच्या बाजूने दारोदार फिरणारे कोणीच नव्हते. २ मे २००४ रोजी मतदान सुरू असतानाच गाझातल्या रस्त्यावर एक गर्भवती वसाहतवासी स्त्री आणि तिच्या चार मुली बंदुकीच्या हल्ल्यात मारल्या गेल्या. त्या रात्री निकाल आला. ५९.५ टक्के मते विरोधात होती.

इथे इस्रायली लोकशाहीतली एक मेख लक्षात घ्यायला हवी. लिकुडचे सदस्य होते एक लाख त्र्याण्णव हजारांच्या घरात आणि त्यातल्या साधारण निम्म्यांनीच मत दिले. म्हणजे सुमारे साठ हजार माणसांनी योजना फेटाळली. त्याच वेळी देशभरातल्या जनमत चाचण्या मात्र माघारीच्या बाजूने स्पष्ट बहुमत दाखवत होत्या. देशात पाठिंबा, पक्षात विरोध, असा पेच होता. शॅरॉन यांनी देशाचे ऐकल्याचे सांगितले आणि दिलेला शब्द बाजूला ठेवला. विरोधक म्हणाले, देशाचे ऐकायचे तर मग सार्वमत घ्या. ते शॅरॉन यांनी शेवटपर्यंत घेतले नाही. सार्वमताचा कायदा करण्यातच महिनोन्‌महिने जातील आणि ही नुसती वेळकाढू खेळी आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

६ जूनच्या त्या रविवारच्या बैठकीत अखेर योजना चौदा विरुद्ध सात मतांनी संमत झाली. दोन मंत्री काढून बेरीज जेमतेम अकरा-दहा होत होती. चौदाचा आकडा आला तो झिपी लिव्हनी यांनी घडवून आणलेल्या तडजोडीमुळे. ठरावात योजनेला मान्यता होती, पण प्रत्यक्ष वसाहती हलवायला नव्हती. त्यासाठी पुढे वेगळे मतदान घ्यायचे होते. त्यामुळे बिन्यामिन नेतान्याहू यांच्यासारख्या काठावरच्या मंत्र्यांना हो म्हणायला जागा मिळाली. दोन्ही बाजूंना आपापल्या सोयीने वाचता येईल असा हा ठराव होता. राष्ट्रीय धार्मिक पक्षाचे एफी ऐतम यांनी मात्र राजीनामा देऊन बाहेरचा रस्ता धरला.

नेसेट या १२० सदस्यांच्या संसदेत २६ ऑक्टोबर २००४ रोजी घडलेला प्रसंग तिथल्या राजकीय वार्ताहरांना अजून पाठ असेल. मतदान नावे पुकारून होते. पहिल्या फेरीत जे उत्तर देत नाहीत, त्यांची नावे पुन्हा पुकारली जातात. पहिल्या फेरीत नेतान्याहू, लिमोर लिव्हनात, यिस्राएल कात्झ आणि डॅनी नावेह हे लिकुडचे चार वजनदार मंत्री सभागृहाबाहेर होते. सार्वमत मान्य करा, नाहीतर आमची मते विसरा, असा निरोप आत येत होता. शॅरॉन आपल्या खुर्चीवरून हलले नाहीत. कोणाला भेटायला गेले नाहीत, कोणाला बोलावले नाही. दुसरी फेरी सुरू झाली आणि शेवटच्या घटकेला चौघेही आत आले, होय म्हणाले आणि बसले.

योजना ६७ विरुद्ध ४५ मतांनी मंजूर झाली. आकडा मोठा दिसतो, पण तो कोणाचा होता? लिकुडच्या तेव्हाच्या ४० सदस्यांपैकी २३ बाजूने आणि १७ विरोधात गेले होते. उरलेली बहुतेक मते मजूर पक्ष, सरकारातला शिनुई पक्ष आणि डाव्या याहद पक्षाची होती. पंतप्रधानांचा ठराव विरोधी पक्षाच्या जिवावर तरला. विरोधात मत देणारे मंत्री उझी लांदाव आणि उपमंत्री मिखाएल रात्झोन यांना शॅरॉन यांनी त्याच रात्री काढून टाकले. बाहेर येताच नेतान्याहू यांनी सार्वमतासाठी चौदा दिवसांची मुदत दिली, नाहीतर राजीनामा. नोव्हेंबरात पॅलेस्टिनी नेते यासर अराफत मृत्युशय्येवर असताना, परिस्थिती बदलल्याचे सांगून नेतान्याहू यांनी इशारा मागे घेतला.

तोवर सरकारचे बहुमत केव्हाच गेले होते. मजूर पक्षाला सोबत घ्यावे, तर लिकुडच्या अधिवेशनाने ऑगस्टमध्येच त्याला नकार दिला होता. मग वादाला तोंड फुटले अर्थसंकल्पावरून. अति-धार्मिक पक्षाच्या संस्थांना शॅरॉन यांनी २९ कोटी शेकेल देऊ केले. धर्मनिरपेक्षतेचा झेंडा घेतलेल्या शिनुईने चिडून अर्थसंकल्पाविरुद्ध मत दिले आणि त्यांचे मंत्री घरी गेले. आता मजूर पक्षाशिवाय मार्ग नाही, हे लिकुडलाही पटले. १० जानेवारी २००५ रोजी लिकुड, मजूर पक्ष आणि अति-धार्मिक पक्ष यांचे नवे सरकार ५८ विरुद्ध ५६ अशा दोन मतांच्या फरकाने तरले. त्या ५६ मध्ये शॅरॉन यांच्या स्वतःच्या पक्षाचे बंडखोरही होते. शिमोन पेरेझ उपपंतप्रधान झाले.

कायद्याने आणखी एक टांगती तलवार होती. ३१ मार्चपर्यंत अर्थसंकल्प मंजूर झाला नाही, तर सरकार आपोआप पडते आणि निवडणूक लागते. बंडखोरांची सारी मदार या तारखेवर होती. २८ मार्चला सार्वमताचे विधेयक ७२ विरुद्ध ३९ मतांनी पडले. दुसऱ्या दिवशी अर्थसंकल्प ५८ विरुद्ध ३६ मतांनी मंजूर झाला, आणि तो तारला कोणी, तर चार महिन्यांपूर्वी हाकलून दिलेल्या शिनुईने. पक्षनेते टॉमी लापिड यांनी सौदेबाजी करून आपले पाणी राखले, पण माघार अडू दिली नाही.

संसदेत हार झाली तेव्हा विरोधकांनी रस्ता धरला. गाझातल्या वसाहतींच्या प्रादेशिक परिषदेचा रंग केशरी होता. तोच आंदोलनाचा रंग झाला. गाड्यांच्या आरशांना, शाळकरी पोरांच्या दप्तरांना केशरी फिती लागल्या. समर्थकांनी निळ्या फिती काढल्या, पण रस्त्यावर केशरीच जास्त दिसे. त्याआधीच, जुलै २००४ मध्ये, गाझापासून जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीपर्यंत सुमारे नव्वद किलोमीटरची मानवी साखळी उभी राहिली होती. २००५ मध्ये मुले भर गर्दीच्या वेळी महामार्गावर टायर जाळू लागली.

खरा पेच सैन्यात होता. धार्मिक-राष्ट्रवादी घरांतले तरुण लढाऊ तुकड्यांत मोठ्या संख्येने होते आणि त्यांचे गुरू होते रब्बी. माजी मुख्य रब्बी अव्रहाम शापिरा यांनी सैनिकांनी हा हुकूम पाळू नये, असे सांगितले. रब्बी श्लोमो अविनर यांनी उलट सांगितले, की माघार चुकीची असली तरी सैन्य फुटता कामा नये. तो वाद एकाच छावणीतला होता आणि अविनर यांची बाजू वरचढ ठरली. हुकूम मोडणारे सैनिक थोडेच निघाले. सरसेनापती मोशे यालोन यांचा कार्यकाळ वाढवला गेला नाही. जून २००५ मध्ये त्यांच्या जागी दान हालुत्झ आले.

१९९५ मध्ये एका ज्यू माथेफिरूने तत्कालीन पंतप्रधान यित्झाक राबिन यांचा खून केला होता. त्या आठवणीने शॅरॉन यांच्याभोवतीचा पहारा वाढत गेला. हिंसा मात्र दुसरीकडे झाली. ४ ऑगस्टला सैन्यातून पळालेल्या एका तरुणाने श्फाराम गावात बसमधल्या चार अरब नागरिकांना गोळ्या घातल्या.

जुलैत कफार मायमोन या गावी आंदोलनाचा कस लागला. हजारो निदर्शक गाझाकडे निघाले आणि सुमारे वीस हजार पोलीस-सैनिकांनी गावाला वेढा दिला. कुंपण तोडायचे की नाही, हा निर्णय वसाहतींच्या येशा परिषदेच्या नेत्यांवर येऊन पडला. तीन दिवस उन्हात बसून त्यांनी लोकांना परत पाठवले. रक्तपात टळला, पण वसाहतींतल्या तरुण पिढीचा या नेतृत्वावरचा विश्वास तिथेच उडाला.

न्यायालयाचा दरवाजाही ठोठावून झाला होता. ९ जूनला सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांपैकी दहांनी माघारीचा आणि भरपाईचा कायदा मुख्यतः वैध ठरवला. एकटे न्यायमूर्ती एडमंड लेव्ही विरोधात राहिले. ७ ऑगस्टला पहिल्या टप्प्यावर मंत्रिमंडळाने शिक्कामोर्तब केले, त्याच बैठकीत नेतान्याहू यांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. जून आणि ऑक्टोबर २००४ मध्ये बाजूने, फेब्रुवारी २००५ मध्ये मंत्रिमंडळात विरोधात आणि आता थेट बाहेर, असा त्यांचा प्रवास होता. माघार थांबवायला हा राजीनामा उशिरा आला. लिकुडचे नेतृत्व मिळवायला मात्र अगदी वेळेवर.

प्रत्यक्ष कारवाईत सैनिक आणि पोलीस बिनहत्यारी गेले. एकेका निदर्शकाला चौघे-चौघे हातपाय धरून उचलत होते. सर्वांत कठीण गेले कफार दारोमचे सिनेगॉग. छतावर काटेरी तारांमागे तरुण चढून बसले होते आणि खालच्या पोलिसांवर रंग, वाळू, दाहक द्रव ओतत होते. पोलिसांनी क्रेनला कंटेनर टांगून त्यातून छतावर माणसे उतरवली आणि एकेकाला त्याच कंटेनरमधून खाली आणले. २२ ऑगस्टला नेत्झारिम रिकामे झाले, दुसऱ्या दिवशी होमेश आणि सा-नूर. १२ सप्टेंबरला शेवटचा सैनिक गाझातून बाहेर पडला.

माणसांना हलवणे जमले, वसवणे जमले नाही. भरपाईसाठी अर्ज करणे म्हणजे फितुरी, अशी भावना असल्याने अनेकांनी शेवटपर्यंत कागदपत्रेच दिली नाहीत आणि सरकारची तयारीही अपुरी होती. नित्झानसारख्या ठिकाणी ‘कॅराव्हिला’ नावाच्या तात्पुरत्या घरांत कुटुंबे वर्षानुवर्षे राहिली. पुनर्वसन खात्याचे प्रमुख योनातान बासी स्वतः धार्मिक गृहस्थ. लोकांच्या छळामुळे त्यांना आपला किबुत्झ सोडून दुसरीकडे जावे लागले. २०१० मध्ये चौकशी आयोगाने सरकारने विस्थापितांना वाऱ्यावर सोडल्याचा ठपका ठेवला.

लिकुडही पूर्वीचा राहिला नाही. सप्टेंबर २००५ मध्ये पक्षाच्या केंद्रीय समितीत शॅरॉन अवघ्या १०४ मतांनी वाचले. नोव्हेंबरात मजूर पक्षाची सूत्रे अमीर पेरेत्झ यांच्याकडे गेली आणि तो पक्ष सरकारमधून बाहेर पडला. २१ नोव्हेंबरला शॅरॉन यांनी स्वतः उभारणीला हातभार लावलेला लिकुड सोडून कदिमा पक्ष काढला. जानेवारीत ते पक्षाघाताने कोसळले, ते पुन्हा शुद्धीवर आले नाहीत. तरी मार्च २००६ च्या निवडणुकीत कदिमाला २९ जागा मिळाल्या आणि लिकुड बारावर घसरला. मतदारांनी माघारीला उशिरा का होईना, पण कौल दिला, असे तेव्हा वाटले.

तो कौल टिकला नाही. त्याच वर्षी जानेवारीत पॅलेस्टिनी निवडणुकीत हमास जिंकली, उन्हाळ्यात लेबनॉनचे युद्ध झाले, जून २००७ मध्ये हमासने गाझा बळकावले आणि दक्षिण इस्रायलवर रॉकेट पडत राहिली. शॅरॉन यांच्यानंतर पंतप्रधान झालेले एहुद ओल्मर्ट यांची वेस्ट बँकेतून माघारीची योजना बारगळली. आम्ही सांगत होतो, हे उजव्यांचे वाक्य तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीत ऐकू येते. माघार पॅलेस्टिनी नेतृत्वाशी करार न करता एकतर्फी झाली होती, ही बाब त्या वाक्यात बसत नाही.

ऑगस्ट २००५ मध्ये शिन बेतने अटक केलेल्या माघारविरोधकांत बेझालेल स्मोट्रिच हा तरुण होता. तीन आठवडे कोठडीत राहिल्यावर आरोपपत्राविना तो सुटला. २०२२ च्या अखेरीस आलेल्या नेतान्याहू सरकारात तो अर्थमंत्री झाला. मार्च २०२३ मध्ये नेसेटने ३१ विरुद्ध १८ मतांनी २००५ च्या कायद्यातली वेस्ट बँकेतल्या त्या चार वसाहतींवरची बंदी उठवली. मे २०२५ मध्ये सरकारने जाहीर केलेल्या २२ वसाहतींच्या यादीत होमेश आणि सा-नूर ही नावे होती.

शॅरॉन यांची प्रत्येक पायरी कायदेशीर होती आणि जनमत चाचण्याही त्यांच्या बाजूने होत्या. तरी सार्वमत टाळणे आणि स्वतः मागितलेला पक्षाचा निकाल धुडकावणे, या दोन गोष्टींनी विरोधकांना कायमची तक्रार मिळवून दिली आणि त्या तक्रारीवर त्यांनी पुढचे राजकारण उभे केले. गाझात हलवायची होती ती आठ हजार माणसे. तेवढ्यासाठी वीस महिने, दोन आघाडी सरकारे आणि सत्ताधारी पक्षाची फूट एवढी किंमत पडली. पूर्व जेरुसलेम वगळून वेस्ट बँकेत आज सुमारे पाच लाख ज्यू वसाहतवासी राहतात, आणि त्यांना हलवण्यासाठी लागणारे बहुमत नेसेटमध्ये आज कोणत्याही पक्षाकडे नाही.